कवठ्याला जायचं ठरलं तेव्हा

त्या वर्षी आमच्या भाकरीतसुद्धा कापूस निघायचा. पीठ मळताना त्याचे तंतू परातीत उतरत, ताकावर तरंगत, डोक्याच्या तेलाला चिकटत, आणि सकाळी खोकलं की घशातून बोटाला लागत. घरात दोन रेचे होते. एका हाताने दांडा फिरवायचा, दुसऱ्या हाताने दोन रुळांच्या मधे कापूस भरवायचा; पलीकडून रुई निघे आणि अलीकडे सरकी टपटप पडे. काम एवढंच. पण ते उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत चाले. एका रेच्यावर माय असे, दुसऱ्यावर माझी वहिनी. मी सासरहून आखाडात माहेरपणाला आले होते ती चार दिवस विसावा मिळेल म्हणून. पण दुसऱ्याच दिवशी वहिनीच्या जागेवर जाऊन बसले आणि ती चुलीकडे गेली. कोणी मला बस म्हटलं नव्हतं. त्या घरात रिकामं बसलेलं माणूस उठून दिसायचं.

आम्ही जातीचे माळी. पूर्णेच्या काठी निंबोऱ्याला आमची बाडी होती, विहीर होती, मोट होती. माझ्या लहानपणी तिथे वांगी, मिरच्या, कांदे, मेथी आणि कडेकडेने झेंडू असं सगळं व्हायचं, आणि माय डोक्यावर टोपली घेऊन बाजाराला जायची. मग कुठल्यातरी दूरच्या मुलखात गोऱ्या लोकांची आपसात लढाई लागली आणि तिच्यापायी आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचं मोल आलं. लढाई कुठे आणि कापूस कुठे, आम्हाला काही कळत नव्हतं. बाने पहिल्या वर्षी अर्धी बाडी मोडली, दुसऱ्या वर्षी सगळी. विहिरीवर मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्यापर्यंत कापूस लावला. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या, मायच्या हातात पाटल्या आल्या, माझं लग्न गावाने नाव काढावं असं झालं. पण ज्वारी कोणीच पेरली नव्हती. ती लांबून यायची, तिच्यात खडे असायचे, आणि तीही पुरत नसे. माळ्याची बायको बाजारात वांगी विकत घेते म्हणून बाया मायला हसत. ती म्हणे, "हसा बापा. तुमी बी त घेऊनच राहिल्या."

मी ज्या पावसाळ्याबद्दल लिहिते आहे त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात ती लढाई म्हणे थांबली, आणि भाव बसला. आज ना उद्या चढेल म्हणून बाने कापूस घरात ठेवला, घरात मावेना तो बाडीतल्या कोठ्यात ठेवला. माझा मोठा भाऊ नामा थोडा माल गाड्यांत घालून अमरावतीला गेला आणि मृग लागला तसा तिकडेच अडकला. आमच्याकडची काळी जमीन ज्यांनी पावसात पाहिली आहे त्यांना मी काय सांगू! बैलाचा पाय गुडघ्यापर्यंत जातो आणि गाडी आसापर्यंत. तीन महिने कोणी कुठे जात नसे आणि कोणी कुठून येत नसे. माझ्या सासरचं बोलावणंही त्यामुळेच आलं नव्हतं. आता नातू मला सांगतो की सकाळी आगगाडीत बसलं की जेवायच्या आत अकोला. मी बसलेही आहे त्या गाडीत. खिडकीतून कुठेच चिखल दिसला नाही.

त्या बंद पावसाळ्यात एका दुपारी गणू भोई दारात येऊन उभा राहिला. हा आमच्या गावचा नावाडी. नदीवर त्याचा डोंगा होता, सावरीच्या एका खोडातून कोरलेला. वयाने बापेक्षा मोठा, उजवा गुडघा सुजलेला, बोलणं कमी. माय त्याला भाऊ म्हणायची, म्हणून मी मामा म्हणे. तो आत आला नाही. रेचा चालूच होता, त्या आवाजातूनच तो मोठ्याने म्हणाला, "वैनी, कवठ्याहून माह्या साडूचा पोरगा आला. भोपळ्याच्या सांगडीवर, बनातून. तुमच्या बयनीचा निरोप हाय. पायाची सूज पोटावर आली म्हनते. बयनीले एक डाव पाहीन, म्हनते."

मायने हातातला कापूस भरवला, तो संपला तसा दांडा थांबवला. "जागी हाय का?" एवढंच तिने विचारलं.

"कालवर त होती."

कवठ्याची रुखमामावशी मायची थोरली बहीण. दोघींची लग्नं एकाच मांडवात, एकाच दिवशी लागली होती. एक वरात इकडे आली, एक तिकडे गेली. कवठा आमच्यापासून उन्हाळ्यात गाडीने एका दिवसाचा रस्ता. तरी त्या लग्नानंतर दोघी बहिणी मिळून चार वेळा भेटल्या होत्या, आणि त्यातली शेवटची भेट माझ्या लग्नातली. कापूस आल्यापासून कोणाला सवड नव्हती. मावशीच्या घरीही रेचे होतेच.

संध्याकाळी बा आला तेव्हा मायने त्याला सांगितलं. बा वाईट माणूस नव्हता. त्याने पाय धुतले, बसला. मग म्हणाला, "जाशीन कशी? रस्ता हाय का? पानी उतरू दे, पोळ्यानंतर मी स्वता गाडी जुतून देतो."

"पोळ्यापावतर थांबनार हाय का थे?"

"मंग मी काय करू? नदी माह्या हातात हाय का?"

माय चुलीपाशी गेली. भाकरी थापल्या, त्याला वाढलं, आम्हाला वाढलं. जेवणं झाली, तिने चुलीवर राख ओढली आणि हात पुसत पुसत म्हणाली, "गिरजाचे बा, मी जातो. गणूभाऊले ईचारतो. बनातून थो पोरगा आला, मंग बनातून बाई काहून जाऊ शकत नाही?" गिरजा म्हणजे मी. आमच्याकडे बायासुद्धा 'मी जातो', 'मी करतो' असंच म्हणतात. माझी धाकटी सून पुण्याकडची. ती नवी नवी आली तेव्हा मला असं बोलताना ऐकून पदराआड हसायची. पण त्या संध्याकाळी मायच्या तोंडून ते 'जातो' निघालं त्याला हसण्यासारखं काही नव्हतं. बाने भिंतीकडे तोंड केलं आणि आडवा झाला. त्याने नाही म्हटलं नाही. हो पण म्हटलं नाही.

बन म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण आज तिथे शेतं आहेत आणि सांगितलं तर कोणाला खरं वाटत नाही. गावाच्या खालच्या अंगाला मेळघाटाकडून येणारी एक नदी पूर्णेला मिळते. पावसाळ्यात पूर्णा फुगली की त्या नदीचं पाणी पुढे जायला वाट न मिळून मागे सरतं आणि दोन्हींच्या मधल्या खोलगट जमिनीवर पसरतं. तिथे चार-पाच कोस नुसतं बाभूळबन होतं. मधे शिंदीची बेटं, करंज, कडेला पाणकणीस, आणि माणसाच्या उंचीचं लव्हाळं. पावसाळाभर ही झाडं कमरेएवढ्या, कुठे छातीएवढ्या पाण्यात उभी असत. उन्हाळ्यातसुद्धा त्या चिखलात ढोरं रुतत म्हणून गुराखी तिकडे फिरकत नसत. रानडुकरं, साप, सुसरी सगळं होतं म्हणत. कवठा त्या बनाच्या पलीकडच्या टोकाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी माय आणि मी गणूमामाच्या झोपडीवर गेलो. पावसाची झड लागलेली. तो जाळं शिवत बसला होता, त्याची बायको सखूमामी मासे खारवत होती. मायने विचारलं तसं तो किती वेळ तोंड वर न करता शिवतच राहिला. मला वाटलं, हा नाही म्हणणार. मग त्याने जाळं बाजूला ठेवलं आणि काटकीने ओल्या जमिनीवर दोन रेघा ओढल्या.

"हे पूर्णा. हिच्यात उतरलो त खालच्या गावाले मढेच सापडतीन. हे दुसरी. हे बी पिसायली हाय. पन मंधात बन हाय, तथी पानी वाह्यत नाही, उभं राह्यते. उभ्या पान्यात डोंगा जाते." मग त्याने मधल्या जागेत एक खडा ठेवला. "अथी टेकाड हाय. म्हसोबाचा दगड हाय त्याच्यावर. एका दिवसात कवठा होनार नाही. सकाळी निंगालो त दिवस बुडाले टेकाडावर, रात तथीच, दुसऱ्या दिवशी दुपारपावतर कवठा."

"चालते," माय म्हणाली.

"चालते म्हनू नोका वैनी, आयका अंदी. उभ्या पान्यात डोंगा आपोआप जात नाही. वल्हवाव लागते. मी मांगून बांबू मारीन, पन माहा गुडघा असा. समोर एक माणूस पायजे वल्हं माराले, फांद्या बाजूले कराले. माहा भाऊ गाड्यासंगं अमरावतीले गेला. गावात कोन हाय?"

गावात खरंच कोणी नव्हतं. जे धट्टेकट्टे ते गाड्यांबरोबर गेले होते. उरलेले कापसात होते. माय माझ्याकडे पाहत नव्हती. ती त्या खड्याकडे पाहत होती. मी म्हटलं, "मी मारीन."

सखूमामी हसली. गणूमामा हसला नाही. त्याने माझे हात पाहायला मागितले, तळवे उलटे करून पाहिले. रेच्याच्या दांड्याने माझ्या उजव्या तळव्याला घट्टे पडले होते. "हे हात चालतीन," तो म्हणाला. "डावा कच्चा हाय. त्याले फडकं बांध."

त्या दिवशी आणि पुढच्या दिवशी मी घरं सारवायची पांढरी माती काढून झालेल्या खड्ड्यात, जिथे पाणी साचलं होतं, तिथे डोंगा चालवायला शिकले. लुगड्याचा काचा मारून मी समोर बसायची, मागे गणूमामा. वल्हं पाण्यात किती बुडवायचं, ओढताना पाठ कशी ठेवायची, हे तो सांगे आणि मी पुन्हा पुन्हा गोल फिरत त्याच काठाला लागे. काठावर बाया धुणं घेऊन उभ्या राहत. एकजण म्हणाली, "नाम्याची बयीन भोईन झाली वं!" मला लाज वाटायलाही जोर उरला नव्हता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एकदा डोंगा सरळ गेला, काठापासून काठापर्यंत. मी मागे वळून पाहिलं तर गणूमामा गुडघा दाबत बसला होता. "हां," तो म्हणाला, "असंच. दोन दिवस असंच, सारखं."

इकडे मायची तयारी चालली होती. तीही रेचा चालवून. दुपारी उठली की थोडं काही करी आणि पुन्हा जाऊन बसे. गणूमामाने सांगितलं होतं की बनातलं पाणी प्यायचं नाही, एक तर सडलेलं आणि वर आमच्या भागातलं खारं. म्हणून तिने प्यायच्या पाण्याचे दोन घडे काढून ठेवले, त्यांची तोंडं फडक्याने बांधली. चहूकडे पाणी आणि पाणीच बरोबर न्यायचं, याचं मला तेव्हा हसू आलं होतं. टेकाडावर सुकं काही मिळणार नाही म्हणून एका गाडग्यात राखेखाली विस्तव आणि कोरड्या गोवऱ्या. दुधात पीठ मळून दशम्या केल्या, त्या तीन दिवस राहतात. जवसाची चटणी, कांदे, गूळ. मावशीला न्यायला काय, हा प्रश्न होता. तिला भरीत फार आवडे. माय बाडीत गेली आणि बराच वेळ आली नाही. विहिरीच्या मागे आपोआप उगवलेलं एक झाड कापसात कसंबसं उभं होतं, त्याची तीन वांगी घेऊन आली. किडकी होती. तिने कीड होती तेवढी जागा नखाने काढली आणि ती फडक्यात बांधून ठेवली.

वहिनीला ती सांगत होती, दूध कुठे, सरकी कुठे, बाला सकाळी काय लागतं. वहिनी नुसती मान हलवी. ती माझ्याच वयाची, अंगावर दूध पिणारं लेकरू, आणि आता दोन्ही रेचे, चूल, ढोरं सगळं तिच्यावर येणार होतं. मी तिला म्हटलं, "तुले राग आला असंन." ती म्हणाली, "राग याले बी दम लागते बाई. जाऊन या. पन वापस येजा."

निघायच्या आदल्या रात्री पावसाने धरलं आणि सोडलं नाही. उजाडताना आम्ही गाठोडी घेऊन उतारावर आलो तेव्हा पूर्णा रात्रीतून बाडीच्या बांधाला लागली होती. कोठ्याच्या दारात पाणी होतं. बा कमरेएवढ्या पाण्यात उभा, डोक्यावर रुईचा गठ्ठा, आणि तो गणूमामाशी बोलत होता. डोंगा बाभळीला बांधलेला.

"दुपारपावतर दे," बा म्हणत होता. "फक्त दुपारपावतर. डोक्यावर किती नेऊ? डोंग्यात एका खेपेले आठ-दहा गठ्ठे बसतीन. अर्धा कोठा तरी निंघन."

"भाऊ, वैनीले शब्द देल्ला."

"अरे, बाई हाय थे, समजीन. आज नाही त उद्या जाईन."

"उद्या बनाले वढ लागन," गणूमामा म्हणाला. "दोन्ही नद्या चढून राहिल्या. आज पानी उभं हाय, म्हून आज जाता येते. उद्याचं माह्यानं सांगवत नाही."

मायने हे सगळं ऐकलं. मला वाटलं ती रडेल, किंवा भांडेल, किंवा गाठोडी खाली ठेवून कापूस उचलायला लागेल. तिचं तसं असायचं; घरात काही कमी पडलं की आपला घास आधी बाजूला काढायचा. ती चालत उताराने खाली गेली. लुगडं भिजलं त्याकडे तिने पाहिलं नाही. डोंग्याची कड धरून आत चढली, मधोमध बसली आणि वांग्यांचं फडकं मांडीवर घेतलं.

बा म्हणाला, "उठ."

ती बसून राहिली.

"नाम्याची माय, उठ म्हनतो. कापूस वाहून जाईन."

"जाऊ द्या," माय म्हणाली.

आवाज चढवून नाही. कोणी दाराशी मागायला आलेल्याला पुढे जा म्हणावं, तसा. तिने मान वर केली आणि म्हणाली, "चार वर्सं झाले, मी हे उचलून राहिलो. आज मले नाही उचलवत. माह्या बयनीले पाहू द्या. मंग तुमी म्हनसान थे करतो."

पाऊस पडत होता आणि आम्ही चौघं तशीच होतो. बाच्या डोक्यावरचा गठ्ठा भिजत होता. भिजलेल्या रुईचं ओझं दुप्पट होतं, त्याची मान थरथरताना मला दिसली.  मला तेव्हा त्याची भीती वाटली आणि कीवही आली. चार वर्षांपूर्वी हा माणूस सकाळी उठून झेंडूच्या वाफ्यात उकिडवा बसलेला असायचा. मग त्याने गठ्ठा डोक्यावरून खाली सोडला. तो पाण्यात पडला, थोडा तरंगला आणि कलता झाला. बा पाण्यातून डोंग्यापाशी आला, बाभळीची गाठ सोडली आणि मला म्हणाला, "बस. काय पाहून राहिली?"

मी बसले. गणूमामा मागे चढला. बाने डोंगा बनाच्या बाजूला छातीएवढ्या पाण्यापर्यंत ढकलत नेला. हात काढायच्या आधी त्याने मायला विचारलं, "प्याचं गोळ पानी घेतलं का?"

"घेतलं," माय म्हणाली.

पुढे कोठ्याचं काय झालं ते वहिनीने मला नंतर सांगितलं. ती लेकराला झोळीत टाकून धावत आली, आणि दोघांनी दुपारपर्यंत डोक्यावरून वाहून जेवढं निघालं तेवढं वर काढलं. निम्म्याच्यावर गेलं. उरलेलं बाने उघडीप पडल्यावर कुंपणावर वाळत घातलं, आणि ते पिवळं पडलेलं धांदोटं पाहून गाव हसलं. बाने त्याबद्दल मायला कधी एक शब्द बोलून दाखवला नाही. पुढच्या वर्षी त्याने विहिरीजवळ दोन वाफे मिरच्यांचे लावले. 

बनातल्या त्या दिवसाचं मला बरंच आठवतं आणि सांगण्यासारखं थोडं आहे. आत शिरलो तसा नदीचा आवाज मागे राहिला. तपकिरी, जड पाणी, आणि त्यावर बाभळीची पिवळी फुलं पडलेली, कोणी हळद सांडल्यासारखी. वल्हं बुडवलं की ती दूर होत आणि मागे पुन्हा जुळत. सडक्या पानांचा वास. गणूमामाने एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली होती: आधी वर पाहायचं, मग फांदीला हात लावायचा, कारण पाणी चढलं की साप झाडावर येतात. मी चार पाहिले, त्यातला एक माझ्या डोक्यापासून हातभर अंतरावर होता. ओरडायची सोय नव्हती. वल्हं टेकवून डोंगा मागे घेतला आणि दुसऱ्या बाजूने काढला. काट्यांनी दंड ओरबाडले. दुपारी डाव्या हाताचं फडकं रक्ताने चिकटलं. मी थांबले की डोंगा थांबे, म्हणून मी थांबत नव्हते. दोन वेळा मायने वल्हं मागितलं. मी दिलं नाही. मागून गणूमामाचा बांबू चिखलातून निघताना येणारा आवाज आणि त्याचा श्वास, दोन्ही ऐकू येत. 

दिवस बुडताना टेकाड लागलं. म्हसोबाच्या दगडापाशी डुकरांनी जमीन उकरून ठेवली होती, पण डुकरं नव्हती. गाडग्यातला विस्तव जिवंत निघाला. आम्ही दशम्या खाल्ल्या, गोवऱ्यांच्या धुरात बसलो. गणूमामा म्हणाला, "तुमी आळव्या व्हा, मी जागतो." मी आडवी झाले ती मेल्यासारखी. पहाटे डोळे उघडले तेव्हा माय जशी बसली होती तशीच बसलेली होती, गुडघ्यांना मिठी घालून, कवठ्याच्या दिशेला तोंड करून. दोघांनीही रात्र जागून काढली होती. त्यांनी आपसात काय बोलणं केलं, केलं की नाही, मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपार टळल्यावर लव्हाळं विरळ झालं आणि कवठ्याची गढी दिसली. काठावर उतरले तर माझे पाय मला धरेनात. आज म्हातारपणी गुडघे धरतात तेव्हा मला तो काठ आठवतो, आणि मनात येतं, हे दुखणं मला नवं नाही.

मावशी जिवंत होती. पडवीत बाजेवर टेकवून बसवली होती. आडवं झालं की तिला श्वास घेता येत नसे. चेहरा वाळलेला आणि पोट भरल्या घड्यासारखं. आम्ही दारातून आलो तेव्हा तिने आधी मला पाहिलं, मग मायला. ती म्हणाली, "आली का वं? कशानं आली?"

"डोंग्यानं."

"बनातून?"

"हो."

"येडी हायस," मावशी म्हणाली आणि बाजेवर हात थोपटला. माय तिच्या पायथ्याशी बसली. तिने फडकं सोडून वांगी दाखवली. मावशीने एक हातात घेऊन दाबून पाहिलं, वास घेतला. मायने तिचे सुजलेले पाय मांडीवर घेतले आणि चोळायला लागली. मी खांबाला टेकून बसले होते. मावशीची सून माझ्या हातांना हळद लावत होती. मावशी काहीतरी सांगत होती, त्यांच्या बापाचं, कुठल्यातरी म्हशीचं. माय हूं म्हणत होती. मग हूं थांबलं. मी पाहिलं तर मायचे हात मावशीच्या पायांवरच राहिले होते आणि मान बाजेच्या कडेच्या लाकडावर गेली होती. तोंड थोडं उघडं. ती बसल्या बसल्या झोपली होती.

मावशी त्यानंतर नऊ दिवस जगली. ते नऊही दिवस मायने तिचं सगळं केलं, न्हाणं, भरवणं, पाठ धरून बसणं. दोघी बोलल्या, एकदा भांडल्याही. शेवटी मावशी मायच्या हातावरच गेली. पण तो पहिला दिवस मायने नुसता झोपून काढला. मावशीने हळूच आपले पाय काढून घेतले, सुनेकडून मायच्या डोक्याखाली गोधडी घालवली, तिला बाजेच्या कडेला आडवी करवली, आणि स्वतः उशाला टेकून बसली. हातात सुपलीचा तुकडा होता, त्याने मायच्या तोंडावरच्या माशा वारत होती. तिचा स्वतःचा श्वास घरघरत होता. वारता वारता हात खाली यायचा, थोडा टेकायचा, पुन्हा उठायचा. आतल्या घरात रेचा चालला होता, तो तिने बंद करायला लावला. मुलांना बाहेर काढलं. दिवस कलला, दिवे लागले, सुनेने ताटं केली आणि मायला हलवायला वाकली. "उठा वं, जेवून घ्या. आत्याबाईले पाह्याले आल्या अन् झोपूनच राहिल्या."

मावशीने सुपलीने सुनेचा हात बाजूला केला.

"निजू दे तिले," ती म्हणाली. "मले मराले अजून येळ हाय."